लेकीच्या कॉलेजातली 'न्याउला': आइसलंडमध्ये मुलं स्वतःची भाषा आणि वाङ्मय कसं शिकतात

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायला बसले त्याला कारण लेकीचं एक पुस्तक.

आम्ही रेक्याविकला लागून असलेल्या कोपावोगुरला राहतो. लेक नऊ वर्षांची असताना इथे आलो, आता ती सतरा पूर्ण आहे. इथे दहावीपर्यंतची शाळा सोळाव्या वर्षी संपते आणि मग 'फ्रामहाल्डस्कोली' सुरू होतं. आपल्या ज्युनियर कॉलेजसारखंच, फक्त एकोणिसाव्या वर्षापर्यंत. पूर्वी ते चार वर्षांचं होतं, 2015 च्या सुमारास तीन वर्षांवर आणलं. शेवटची परीक्षा पास झाली की मुलं पांढरी टोपी घालून घरच्यांबरोबर फोटो काढतात. विज्ञान घ्या, नाहीतर चित्रकला, आइसलँडिक भाषा आणि वाङ्मय कुणालाच सुटत नाही.

मला वाटलं होतं, एक पाठ्यपुस्तक असेल, धडे असतील, खाली स्वाध्याय असेल. या वर्षी लेक जाडजूड पुस्तक घेऊन घरी आली. 'ब्रेन्नु-न्याउल्स सागा', इथे सगळे नुसतं 'न्याउला' म्हणतात. सागा म्हणजे इथल्या जुन्या वीरांच्या, घराण्यांच्या मोठ्या गद्य गोष्टी. 1280 च्या सुमारास लिहिलेली. अर्धं सत्र वर्गात ती एकच कथा वाचायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

एका रविवारी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. केस लांब आहेत तिचे, अजून दोन वेण्या घालून घेते माझ्याकडून. पुस्तक मांडीवर आणि ती मला गोष्ट सांगत होती. गुन्नार नावाचा वीर. त्याला तीन वर्षं देशाबाहेर जायची शिक्षा झालेली. जहाजाकडे निघालेला असताना वाटेत घोडा अडखळतो, तो खाली उडी मारतो आणि मागे वळून आपल्या घराकडे, ह्लीदारेंदीच्या उताराकडे बघतो. म्हणतो, हा उतार इतका सुंदर मला कधी दिसला नव्हता, मी परत घरी चाललो. त्याचा भाऊ पुढे निघून जातो, हा मागे फिरतो. मग शत्रू घरावर चालून येतात, त्याच्या धनुष्याची दोरी तुटते. तो बायकोकडे, हाल्गेर्दुरकडे, केसांच्या दोन बटा मागतो, दोरी वळायला. ती विचारते, यावर काही अवलंबून आहे का? तो म्हणतो, माझा जीव. ती म्हणते, मग तू मला मारलेली थप्पड मी आज आठवते.

एवढं सांगून लेक गप्प झाली. मग मान न वळवता म्हणाली, "आई, तू दिल्या असत्यास?"

माझ्या हातात तिचीच वेणी होती. मला पटकन उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात यावरच वाद होता. बाईंनी वर्गाचे दोन गट केले, एक गुन्नारचा, एक हाल्गेर्दुरचा. प्रत्येक म्हणणं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून मांडायचं. माझी लेक हाल्गेर्दुरच्या बाजूने. ती थप्पड कुठल्या प्रसंगी बसली, त्या वर्षी दुष्काळ कसा होता, चीज आणि लोणी कुणी कुणाकडून चोरवलं, हे सगळं तिने आधीच्या प्रकरणांतून शोधून काढलं. नुसता एक उतारा हातात असता तर हे शक्यच नव्हतं, कारण थप्पड आणि बटा यांच्यामध्ये पुस्तकाची कितीतरी पानं आहेत.

सप्टेंबरात त्यांची सहल गेली होती, 'न्याउला' जिथे घडते त्या भागात. ह्लीदारेंदी रेक्याविकपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर खरोखर आहे. वाऱ्यात उभं राहून त्यांनी तो उतार बघितला आणि तिथेच तो परिच्छेद मोठ्याने वाचला.

मी स्वतः बारावीपर्यंत मराठी घेतलेली, चांगले गुण मिळवलेले. ज्ञानेश्वरीच्या ओव्या परीक्षेपुरत्या अर्थासह पाठ केल्या. लीळाचरित्र हे मराठीतलं पहिलं गद्य, म्हाइंभटांनी संकलित केलं, एवढं एका वाक्यात लिहिलं. उघडून कधीच बघितलं नाही. लेकीला ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून विचारते, तुमच्यापैकी कुणी अकरावी-बारावीत मराठीतलं एखादं जुनं पुस्तक वर्गात पूर्ण वाचलंय का? आणि तिकडे आता काय चाललंय?

पाटावरवंटा

ताई, फार छान लिहिलंय. वेणीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. पुढे काय होतं गुन्नारचं?

खाडीकाठची

@पाटावरवंटा, तो म्हणतो, प्रत्येकाची कीर्ती मिळवण्याची रीत निराळी, मी फार वेळ मागत बसणार नाही. आणि लढत मरतो. पुस्तक मात्र तिथे संपत नाही. खरी आग पुढे आहे, गुन्नारचा मित्र न्याउल याच्या घराला लावलेली.

सह्यसखा

एक शंका. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीची भाषा आजच्या सतरा वर्षांच्या मुलाला खरंच कळते? की सोपं केलेलं वाचायला देतात? माझी मुलगी मुंबईत अकरावीत आहे. तिला अनुस्वारांच्या जुन्या लेखनातलं शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक दिलं तरी अडखळते.

खाडीकाठची

@सह्यसखा, चांगला प्रश्न. मीही लेकीला हेच विचारलं होतं.

गोष्ट मूळचीच असते, वाक्यंही तीच. फक्त लेखन आजच्या नियमांनुसार केलेलं असतं आणि समासात टिपा. उच्चार आजचेच करतात. या भाषेचा सांगाडा फारसा बदललेला नाही. चार विभक्त्या, तीन लिंगं, क्रियापदांची रूपं बरीचशी तीच राहिली. शब्द काही जुने, काहींचे अर्थ सरकलेले. पहिली वीसेक पानं जड जातात, मग कान सरावतो, असं ती म्हणते. सागांचं गद्य आखूड वाक्यांचं आहे. माणूस मनात काय म्हणतो हे सहसा सांगतच नाहीत, फक्त काय केलं आणि काय बोलला एवढंच.

हे आधुनिक लेखनही सहज आलेलं नाही बरं का. 1941 मध्ये हाल्दोर लाक्सनेस यांनी 'लाक्सदाइला' ही सागा आजच्या लेखनात छापली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की संसदेने कायदाच केला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी सागा तशीच छापली, खटला झाला, शिक्षाही झाली आणि 1943 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुद्रणस्वातंत्र्याच्या आधारावर त्यांना सोडलं. याच लाक्सनेसना 1955 चं नोबेल मिळालं आणि आज त्यांच्या कादंबऱ्याही कॉलेजात लावतात.

खरी कठीण असते ती कविता. सागांमध्ये मधेमधे श्लोक येतात, त्यांत शब्दांचा क्रम पार उलटापालटा. मग मुलं काय करतात माहितेय? आधी गद्य क्रमाने शब्द लावून घेतात. मी वहीत बघितलं आणि म्हटलं, अगं हा तर अन्वय! आमच्या संस्कृतच्या बाई असाच लावायला लावायच्या.

शिवाय त्यांत आडवळणाची नावं असतात. सोन्याला सोनं म्हणायचं नाही, 'फ्रेयाचे अश्रू' म्हणायचं किंवा 'सिफचे केस', दोघी इथल्या जुन्या देवी. गोष्ट माहीत नसेल तर शब्द कळतच नाही. आपल्याकडे 'गोवर्धनधारी' म्हटल्यावर ज्याला गोवर्धनाची गोष्ट ठाऊक नाही त्याचं काय होईल, तसंच. म्हणून आधी स्नॉरी स्तुर्लुसन यांची एद्दा वाचतात. 1220 च्या सुमारास त्यांनी ती लिहिली, तरुण कवींना या गोष्टी आणि वृत्तं कळावीत म्हणून.

ओवीवेडा

खाडीकाठची ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी सातारा जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, बावीस वर्षं झाली.

सनावळी बघा. 'न्याउला' 1280 च्या सुमाराची. लीळाचरित्र 1278 च्या सुमाराचं. ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे 1290. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, आणि एकाच काळात दोघींनी बोलीतलं मोठं वाङ्मय लिहून ठेवलं. लीळाचरित्राचं गद्यही तुम्ही म्हणता तसंच आखूड, बोललेलं जसंच्या तसं. सर्वज्ञ, म्हणजे चक्रधरस्वामी, काय म्हणाले, कुठे बसले होते, समोर कोण होतं, बस्स.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुमारभारती आणि युवकभारतीत चांगले उतारे असतात, निवड करणारी माणसं जाणती असतात, हे मी आधीच सांगतो. पण उतारा हा उताराच. माझ्या वर्गात पंच्याऐंशी मुलं, आठवड्याला मोजक्या तासिका, आणि डोळ्यांसमोर बारावीची कृतिपत्रिका. तरी गेल्या वर्षी मी ऐच्छिक म्हणून शनिवारी तास सुरू केला. चौदा मुलं आली. वर्षभर एकच पुस्तक, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', संपूर्ण. दर शनिवारी वीसेक पानं, आळीपाळीने मोठ्याने.

मार्चमध्ये एक मुलगी म्हणाली, "सर, धड्यात त्या नुसत्या विनोदी वाटल्या होत्या. पूर्ण वाचल्यावर कळलं, नवऱ्याने धर्म बदलल्यावर किती वर्षं एकट्याने काढली त्यांनी." वडील ऊसतोडीला जातात तिचे, घरी पुस्तक नाही. तिने ते पुस्तक दोनदा वाचलं.

त्यामुळे मुलं वाचत नाहीत हे मला मान्य नाही. पूर्ण पुस्तक त्यांच्यासमोर आपण किती वेळा ठेवतो, मी आधी ते विचारेन.

सह्यसखा

सर, __/\__

डेन्मार्कवासी

वाचतोय. मी कोपनहेगनला असतो, थोडी दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

आइसलंडचं कौतुक करताना 2022 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीकडेही बघायला हवं. 15 वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुण 2018 मध्ये 474 होते, ते 436 वर आले. जवळपास 40 टक्के मुलं किमान पातळीलाही पोचली नाहीत. म्हणजे सागा लावल्या की मुलं वाचू लागतात, असं सरळ गणित नाही. खेळ, व्हिडिओ, आपसातलं बोलणं, सगळं इंग्रजीत. जेमतेम चार लाखांच्या भाषेला हा धोका फार मोठा आहे.

दुसरं, साडेबारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्राची तुलना तिथल्या वीस-पंचवीस मुलांच्या वर्गाशी करणं शिक्षकांवर अन्याय होईल. ओवीवेडा सरांचे पंच्याऐंशी बघा.

मात्र त्या पुस्तकांबद्दलची माया खरी आहे. ती हस्तलिखितं शतकानुशतकं इथे कोपनहेगनला होती. आउर्नी माग्नूसन (1663–1730) यांनी घरोघर फिरून ती गोळा केली होती, कुठे चामड्याच्या पानाचा कपडा बेतायला नमुना केलेला, ते पानही सोडलं नाही. 1728 च्या आगीत त्यांचं बरंचसं ग्रंथालय गेलं, तरी मुख्य हस्तलिखितं वाचली. आइसलंड स्वतंत्र झाल्यावर त्यांनी ती परत मागितली, आणि 21 एप्रिल 1971 ला पहिली दोन डॅनिश नौदलाच्या जहाजातून रेक्याविकच्या बंदरात पोचली. धक्क्यावर हजारो माणसं उभी होती. पुस्तकांचं स्वागत करायला! माझ्या ऑफिसातले एक आइसलँडिक सहकारी तेव्हा लहान होते, वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलेलं ते अजून सांगतात.

ओवीवेडा

@डेन्मार्कवासी, राग कसला, तुमचं बरोबरच आहे. आउर्नींची हकिगत वाचून इतिहासाचार्य राजवाडे आठवले. तेही असेच गावोगाव, वाड्यावाड्यांतून दप्तरं गोळा करत हिंडले.

खाडीकाठची

@डेन्मार्कवासी, मान्य. पिसाचे आकडे आले तेव्हा इथेही घरोघर तीच चर्चा होती. माझ्या लेकीच्या मैत्रिणी आपसात अर्धं इंग्रजी बोलतात, हे रोज ऐकते. म्हणूनच कॉलेजातल्या त्या तासांचं मोल मला जास्त वाटतं. काही कॉलेजांत 'इन्दिसलेस्तुर' म्हणून विषय असतो, आनंदासाठी वाचन. यादीतली कादंबरी घ्यायची, वाचायची, आणि मग शिक्षकासमोर बसून तिच्यावर बोलायचं. लेखी परीक्षा नाही. न वाचता बोलता येत नाही, दोन प्रश्नांत कळतं.

आता व्याकरणाचं सांगते, कारण ते आपल्या मराठी माणसांनाच नीट कळेल.

इथे मुलांना विभक्ती शिकवायला एक घोकणी आहे. ह्येर एर हेस्तुर, उम हेस्त, फ्राउ हेस्ती, तिल हेस्त्स. हा घोडा, घोड्याविषयी, घोड्यापासून, घोड्याकडे. कुठलाही शब्द आला की त्या चार शब्दांच्या चालीत बसवायचा. लेक भांडी पुसताना 'वाटी'सुद्धा त्यात बसवायची.

इंग्रजी घेऊन आलेल्या मुलांना एका गोष्टीचा फार त्रास होतो, ती आमच्या घरात आपोआप आली. आपण 'मी थंड आहे' म्हणतो का? 'मला थंडी वाजते' म्हणतो. इथेही तसंच, 'म्येर एर काल्त'. मला वाटतं, 'म्येर फिन्स्त'. मला कंटाळा आलाय, 'म्येर लेयदिस्त'. मला स्वप्न पडलं, 'मिग द्रेयम्दी'. करणारा 'मी' नाहीच, गोष्ट माझ्यापाशी येते. वर्गात बाई हे समजावत होत्या तेव्हा लेक म्हणाली, आमच्या भाषेत असंच आहे. बाईंनी तिला फळ्यावर मराठी वाक्यं लिहायला लावली, देवनागरीत. मुलांनी फोटो काढले म्हणे.

पण त्याच 'मला'ने तिला एकदा अडकवलं. आपला 'मला' एकच आहे, द्वितीयेलाही आणि चतुर्थीलाही. इथे दोन वेगळे, 'मिग' आणि 'म्येर', आणि कुठल्या क्रियापदाला कुठला ते पाठच करावं लागतं. 'मला हवंसं वाटतं' हे शुद्ध बोलायचं तर 'मिग लाउंगार'. लेकीने निबंधात 'म्येर लाउंगार' लिहिलं. लाल शाई. ती रडवेली होऊन बाईंकडे गेली, आपण बाहेरचे म्हणून चुकलो असं तिला वाटलं. बाईंनी सांगितलं, ही चूक तर इथली कितीतरी मुलं करतात, घराघरात ऐकू येते, तिला 'चतुर्थीचा आजार' असं नावच आहे. आणि मग हेही म्हणाल्या की आजार हा शब्द त्यांना स्वतःला आवडत नाही, भाषा अशीच वळत असते. परीक्षेत 'मिग' लिही, पण लाजू नकोस.

'आनि', 'पानी' म्हणणाऱ्या मुलांना आमच्या शाळेत हसायचे. ती मुलं नंतर वर्गात बोलेनाशीच झाली. त्या बाईंचं वाक्य ऐकताना मला ती सगळी आठवली.

ओवीवेडा

हे शेवटचं फार खोल गेलं ताई. माझ्या वर्गात आजही अशी मुलं आहेत. उद्यापासून मी जास्त जपेन.

माजघर

धागा उशिरा वाचला. सत्तरीची आहे, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. नवे शब्द कसे करतात तिथे? आम्ही सावरकरांचे 'महापौर', 'दिग्दर्शक' वापरत मोठे झालो. पण 'संगणक' म्हटलं की नातवंडं कॉम्प्युटर म्हणतात.

खाडीकाठची

@माजघर, काकू, नमस्कार. तुमच्यासारखी माणसं लिहितात म्हणून धाग्याला वजन येतं.

इथे कॉम्प्युटरला 'तोल्वा' म्हणतात. 'ताला' म्हणजे आकडा आणि 'वोल्वा' म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, दोन्ही मिळून तोल्वा. आकड्यांची भविष्यवेत्ती! हा शब्द सिगुर्दुर नोर्दाल या सागांच्या अभ्यासकांनी केला. टेलिफोनला 'सीमी', दोरा या अर्थाचा विस्मरणात गेलेला जुना शब्द उचलून आणला. विजेला 'राफमाग्न', म्हणजे अंबरची, झाडाच्या दगड झालेल्या जुन्या राळेची, शक्ती. आणि लहान मूलही हेच म्हणतं, दुसरा शब्द त्याला सुचतच नाही. कारण दुकानात, बातम्यांत, आईच्या तोंडी, सगळीकडे तोच. नवा शब्द सगळ्यांनी एकदम वापरला की तो नवा राहत नाही.

योनास हाल्ग्रिमसन (1807–1845) या कवीने खगोलशास्त्राचं पुस्तक भाषांतरित करताना गुरुत्वाकर्षणासाठी वगैरे शब्द केले, ते आजही शाळेत चालतात. त्याचा जन्मदिवस 16 नोव्हेंबर, 1996 पासून तोच भाषादिन. आपला 27 फेब्रुवारी कुसुमाग्रजांचा, तसा यांचाही कवीचाच.

पाटावरवंटा

ताई, वेणीसारखं अजून एखादं सांगा ना. मी रोज हा धागा उघडून बघते.

खाडीकाठची

@पाटावरवंटा, सांगते. एगिलची सागा. एगिल आडदांड माणूस, लढवय्या आणि मोठा कवी. त्याचा लाडका मुलगा बोद्वार समुद्रात बुडतो. एगिल त्याला मांडीवर घेऊन घोड्यावरून दफनाला नेतो, आणि मग घरी येऊन आतून कडी लावून पडतो. खाणार नाही, पिणार नाही, मरणार. त्याची मुलगी, थोर्गेर्दुर, सासरहून बोलावून आणतात. ती म्हणते, बाबा, दार उघडा, मलाही तुमच्याबरोबर जायचंय. तो उघडतो. आत ती काहीतरी चावत बसते. काय चावतेस? समुद्रातलं शेवाळ, याने लवकर मरण येतं. दे मलाही. ते खारट, मग तहान लागते. पाणी मागवतात, आणि शिंगातून येतं ते दूध. ती म्हणते, फसलो आपण. आता असं करा, मुलासाठी एक कविता रचा, मी लाकडावर कोरून ठेवते, मग मरू.

तो रचायला लागतो. सुरुवातीला म्हणतो, जीभ उचलतच नाही. रचता रचता त्याला बळ येतं आणि कविता संपेपर्यंत तो उठून बसलेला असतो. 'सोनातोर्रेक' म्हणतात तिला, पंचवीस कडव्यांची.

ते लाल शेवाळ, 'सोल', इथे दुकानात पाकिटात मिळतं. लेकीने आणलं, दोघींनी चावून बघितलं. खरंच खारट आहे. तिने मग मला दूध दिलं.

सह्यसखा

खाडीकाठची ताई, हे मी आज रात्री मुलीला वाचून दाखवणार आहे.

ओवीवेडा

ताई, एक सुचवू का? तुमच्या लेकीला लीळाचरित्र दाखवा. ती विभक्तीत तयार आहे, तिला सोपं जाईल. माझे शनिवारवाले या वर्षी तेच घेणार आहेत, निवडक लीळा नव्हे, 'एकांक' पूर्ण. तिला यायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर बसवू.

खाडीकाठची

सर, तुमचा प्रतिसाद वाचून पुण्याहून भावाकडून पुस्तक मागवलं होतं, ते काल पोचलं. रात्री दोघी बसलो. पहिल्याच पानावर 'सर्वज्ञें म्हणितलें' आलं. लेक थांबली. "आई, हा 'सर्वज्ञ' नाहीये, शेवटी काहीतरी लागलंय. कुठली विभक्ती?" मी म्हटलं, तृतीया. सर्वज्ञांनी म्हटलं. तिने वही काढली आणि 'घोडा' लिहून खाली रकाने आखले. आठ विभक्त्या म्हटल्यावर डोळे मोठे केले तिने, त्यांच्याकडे चारच. पण लिहून काढल्या, संबोधनापर्यंत. बारा वाजून गेले.

तिला यायचंय. इथली घड्याळं वर्षभर एकाच वेळेवर असतात, तुमच्यापेक्षा साडेपाच तास मागे. शनिवारी तुमचे संध्याकाळचे साडेसहा चालतील का? आमची दुपारची एक होते, तोवर तिचं पोहणं आटोपलेलं असतं. पान कुठून सुरू करायचं ते कळवा, ती आधी अन्वय लावून ठेवेल म्हणाली.